मिठाला पाणी सुटतं तेव्हा टीव्हीचं काय होतं

आमच्याकडे गुहागरात पावसाळा जवळ आल्याची पहिली खबर मिठाची बरणी देते. मेच्या शेवटी जाडं मीठ चमच्याला चिकटायला लागतं आणि जून अर्धा सरला की बरणीच्या तळाशी पाणी दिसतं. आई त्यात भाजलेले तांदूळ टाकायची. मी बरणीखाली एक ताटली ठेवते, कारण तशीच ठेवली तर फळीवर पांढरं वर्तुळ उमटतं. याचं कुणाला नवल वाटत नाही. पण किनाऱ्यावरच्या घरात टीव्ही, एसी, गिझर, खिडकीचे गज हे सगळं घाटावरच्यापेक्षा लवकर का जातं, असं मला कुणी विचारलं की मी आधी ती बरणीच दाखवते.

मिठाला पाणी सुटतं असं आपण म्हणतो, पण ते पाणी मिठात नसतंच. मीठ ते हवेतून ओढून घेतं. हवेत ठरावीक प्रमाणाबाहेर दमटपणा वाढला की मिठाचे कण हवेतली वाफ धरून स्वतःच त्यात विरघळतात. शुद्ध मिठासाठी ही रेषा ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला आहे. हवेच्या अंदाजात 'आर्द्रता ८८ टक्के' असं सांगतात तीच ही आर्द्रता. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावू शकते, तिच्या किती टक्के वाफ हवेत आहे, एवढाच त्याचा अर्थ. जून ते सप्टेंबर कोकणात हा आकडा बहुतेक वेळ ८०च्या वर असतो. म्हणजे चार महिने मीठ त्या रेषेच्या पलीकडेच.

जाडं मीठ पुडीतल्या बारीक मिठापेक्षा जास्त का पाझरतं, त्यालाही कारण आहे. समुद्राच्या पाण्यात नुसतं खायचं मीठ नसतं, मॅग्नेशियमचे क्षारही असतात. शिरोड्याला, जिथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, किंवा उरण-पेणच्या बाजूला मिठागरात मीठ ओढून घेतल्यावर जे कडू पाणी मागे उरतं, त्यात हे क्षार भरपूर असतात. त्यातलं थोडं जाड्या मिठाच्या खड्यांना चिकटून येतं. मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्के आर्द्रतेलाच हवेतलं पाणी ओढायला लागतं. पुडीतलं मीठ धुऊन शुद्ध केलेलं असतं आणि ते मोकळं राहावं म्हणून त्यात आणखी एखादा पदार्थही मिसळलेला असतो, म्हणून ते जरा उशिरा ओलं होतं.

आता हेच मीठ बरणीतून उचलून टीव्हीच्या मागे ठेवा. तसं ठेवायची गरजही पडत नाही, ते आपलं आपण येऊन बसतं.

लाट फुटते तेव्हा पाण्यात हवेचे असंख्य बुडबुडे अडकतात. ते वर येऊन फुटले की प्रत्येकातून बारीक तुषार उडतात. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. तुषारातलं पाणी वाटेतच सुकतं आणि मिठाचा कण वाऱ्यावर राहतो. जड कण वाळूवर आणि पहिल्या माडांवर पडतात, हलके आत येतात. म्हणून पुळणीला लागून असलेल्या घराचं ग्रिल आणि दोन किलोमीटर आतल्या घराचं ग्रिल यांत इतका फरक दिसतो. मध्ये दाट माड-पोफळीची वाडी असेल तर बरंचसं मीठ झावळ्यांवरच अडतं. वाड्या तोडून समुद्र दिसेल असं घर बांधताना याचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं. समुद्र दिसतो याचा अर्थ समुद्राचा वाराही सरळ घरात येतो.

मीठ पावसाळ्यातच येतं असंही नाही. मार्च ते मे दुपारी जे खारे वारे सुटतात तेही कण आणतच असतात. पण तेव्हा ते कोरडे बसून राहतात. पाऊस जवळ आला, हवा दमट झाली की वर्षभर साठलेलं ते सगळं मीठ ओलं होतं. आणि एकदा ओलं झालेलं मीठ लवकर कोरडं होत नाही, हे बरणीवरून आपल्याला ठाऊक आहेच.

ओल्या मिठाने होतं काय? लोखंडाला गंज चढायला पाणी आणि हवा दोन्ही लागतं. ही क्रिया मुळात विजेची आहे. लोखंडाच्या एका जागेतून विजेचे कण सुटतात, दुसऱ्या जागी पोचतात, आणि मधल्या ओलाव्यातून ते चक्र पूर्ण होतं. साध्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून गंज सावकाश चढतो. खाऱ्या पाण्यातून ती सहज वाहते. वर मिठातलं क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर जागोजाग फोडतं. हवा लोखंडाला किती खाते याची एक आंतरराष्ट्रीय प्रतवारी आहे, सी-१ ते सी-५ आणि त्यापुढे सीएक्स. सी-५ हवेत उघडं लोखंड पहिल्या वर्षात ८० ते २०० मायक्रॉन झिजतं. २०० मायक्रॉन म्हणजे ०.२ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याला हे किती महागात पडेल ते सांगायला नको.

यातली एक गोष्ट मला स्वतःला फार उशिरा उमगली. आमच्या पश्चिमेच्या खिडकीचं ग्रिल सरळ पावसात भिजतं, आणि मी कायम त्याचीच काळजी करायची. पण दर वर्षी आधी कुजायचं ते पडवीच्या आतलं ग्रिल, ज्याला पावसाचा थेंबही लागत नाही. मग लक्षात आलं, बाहेरच्या ग्रिलला पाऊस धुतो! त्यावरचं मीठ चार महिने रोज वाहून जातं. पडवीतल्या ग्रिलवर वारा मीठ आणून टाकतो, दमट हवा ते ओलं करते, आणि धुवायला कुणी येत नाही. पत्र्याची खालची बाजू, दाराच्या बिजागऱ्या, स्कूटरच्या मडगार्डचा आतला भाग, फ्रीजची पाठ, गॅसच्या शेगडीचे पाय, या सगळ्यांचं दुखणं हेच आहे. आडोशाची जागा कोरडी दिसते पण खारट राहते.

म्हणून माझ्या मते किनाऱ्यावरच्या घरातली सगळ्यांत स्वस्त आणि उपयोगी सवय कोणती, तर आडोशाचं लोखंड गोड्या पाण्याने पुसणं. तेलाचा हात, महागडा स्प्रे हे सगळं त्यानंतर. डिसेंबरात एकदा आणि मेच्या मध्याला एकदा, ओल्या फडक्याने ग्रिल, बिजागऱ्या, कडी-कोयंडे पुसायचे आणि कोरडं फडकं फिरवायचं. रंग द्यायचा असेल तर हे दुपटीने महत्त्वाचं. रंगारी घासकागद मारतो, रेड ऑक्साइड लावतो, वर ऑइलपेंट. मधे पाण्याने धुणं राहूनच जातं. मग रंगाखाली अडकलेलं मीठ रंगातूनही ओलावा ओढतं आणि वर्षभरात फोड येतात. घासल्यावर धुवून, पूर्ण वाळवून मगच प्रायमर. आमच्या रंगाऱ्याला हे पटायला दोन वर्षं लागली, आता तो स्वतःच बादली मागतो.

टीव्ही, राउटर, वॉशिंग मशीन यांच्या पोटातल्या बोर्डाचं प्रकरण थोडं वेगळं आहे. तिथे झिजायला फार काही नसतं, पण तांब्याच्या दोन बारीक पट्ट्यांमध्ये केसाएवढं अंतर असतं. त्या अंतरावर खारट ओलावा बसला की जिथून वीज जायला नको तिथून ती जायला लागते. हळूहळू तांबं एका पट्टीतून सुटून दुसरीकडे सरकतं, हिरवट थर धरतो आणि एके दिवशी दोन्ही पट्ट्या जोडल्या जातात. तीन वर्षांपूर्वी आमचा टीव्ही श्रावणात बंद पडला. दुरुस्तीला आलेल्या मुलाने मागचं झाकण उघडलं.

"काकू, हे बघा. बोर्डावर हिरवं दिसतंय ना?"

"बुरशी आहे का रे?"

"बुरशी नाही, मीठ आहे. तुम्ही टीव्हीला कव्हर घालता का?"

घालत होते, प्लॅस्टिकचं. धूळ बसू नये म्हणून.

ते कव्हर काढून टाका, असं मी आता सगळ्यांना सांगते. चालू टीव्ही आतून गरम होतो, आणि गरम वस्तूवर ओल धरत नाही. बंद केल्यावर तो थंड होताना बाहेरची हवा आत घेतो. प्लॅस्टिकखाली ती दमट हवा कोंडून राहते. सुती कापड चालेल, तेही टीव्ही गार झाल्यावर. रिमोटच्या पिशवीला माझी हरकत नाही. तो गरम होत नाही, आणि त्याला आपले घामाचे, माशाच्या कालवणाचे हात लागतात.

यावरूनच आणखी एक गोष्ट कळते, जी जुने रेडिओ दुरुस्त करणारे फार आधीपासून सांगत आले: पावसाळ्यात वस्तू वापरात असेल तर टिकते, बंद पडून राहिली तर बिघडते. कोकणातल्या बंद घरांचं दुःख यातच आहे. चाकरमानी मे महिन्यात येऊन जातात, घर बंद करतात, आणि गणपतीला परत येतात. तेवढ्यात घराने जवळजवळ अख्खा पावसाळा झेललेला असतो. दार उघडलं की कुबट वास येतो. सामान टेकवल्याबरोबर कुणीतरी टीव्ही लावतं, कुणी फ्रीज चालू करतं, आणि बोर्ड त्या क्षणी जातो. बोर्डावर ओला खारट थर असताना त्यातून वीज सोडली की असं होणारच. पहिला दिवस काहीही न लावता दारं-खिडक्या उघडून, पंखे फिरवून घर वाळू द्यावं. टीव्हीची पाठ भिंतीकडून वळवून वाऱ्याला ठेवावी. दुसऱ्या दिवशी चालू करावं. निघताना फ्रीज पुसून, प्लग काढून, दार दोन बोटं उघडं राहील अशी मधे फडक्याची घडी ठेवून जावं. शेजारी भरवशाचे असतील तर आठवड्यातून एकदा तासभर टीव्ही लावायला सांगावं. आम्ही आमच्या वाडीत तीन घरांचं हे काम करतो.

पूर्वीच्या घरांत हे आपोआप होत होतं. स्वयंपाकघरात चूल पेटलेली असायची, धूर-ऊब कौलांपर्यंत जायची, आणि चुलीवरच्या माळ्यावर बियाणं, सुके मासे कोरडे राहायचे. चूल गेली ते बायकांच्या डोळ्यांसाठी आणि छातीसाठी फार चांगलं झालं. पण घर वाळवणारी ऊबही गेली, आणि तिच्या जागी आपण काही आणलं नाही.

एसी ती जागा थोडीफार भरतो. हवेत पाणी किती असतं ते पाहू. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली घ्या. ३० अंश तापमान, ८० टक्के आर्द्रता. त्या खोलीतल्या नुसत्या हवेत पाऊण लिटरच्या जवळपास पाणी वाफेच्या रूपात असतं. ही हवा २६ अंशांपर्यंत गार झाली की तिला तेवढी वाफ पेलवत नाही आणि पाणी बाहेर पडतं. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. फ्रीजमधून काढलेली बाटली घामाघूम होते ती यामुळे. एसीच्या आतली जाळी २६ अंशांपेक्षा बरीच गार असते, म्हणून हवेतलं पाणी तिथे गळतं आणि नळीतून बाहेर जातं. रिमोटवर 'ड्राय' नावाचं बटण असतं, थेंबाचं चित्र असलेलं. त्याने गारवा बेताचा आणि पाणी काढणं चालू, असं चालतं. जुलै-ऑगस्टमध्ये कपाटं आणि पुस्तकं असलेल्या खोलीत रोज दीड-दोन तास ड्राय लावणं हा माझ्या मते एसीचा सर्वांत चांगला उपयोग आहे. खिडक्या मात्र बंद हव्यात. उघड्या खिडकीने तो समुद्र वाळवायला निघतो.

उलट बाजूनेही हे लक्षात ठेवावं. २२ अंशांच्या खोलीतून लॅपटॉप किंवा कॅमेरा तसाच बाहेर पडवीत आणला तर त्याच्यावर, आणि आतही, दव धरतं. पिशवीत घालून आणावा आणि अर्ध्या तासाने उघडावा.

एसीचा खरा प्रश्न बाहेरच्या युनिटचा. त्यात तांब्याच्या नळ्यांवर ॲल्युमिनियमचे पातळ पंख बसवलेले असतात. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि वर खारं पाणी, म्हणजे एक प्रकारची बॅटरीच झाली. तीत ॲल्युमिनियम झिजतं. दोन-तीन वर्षांत पंख पांढरी भुकटी होऊन गळताना मी पाहिलेत. निळा किंवा सोनेरी लेप दिलेले पंख जास्त टिकतात, पण लेपावर ओरखडा गेला की तिथून सुरुवात होते. विकत घेताना तीन गोष्टी पाहाव्यात: नळ्या तांब्याच्या आहेत का, कारण त्या इथला मेकॅनिकही जोडू शकतो, बाहेरच्या बोर्डावर संरक्षक लेप आहे का, कारण इन्व्हर्टर एसीचा महागडा बोर्ड बाहेर असतो आणि त्याला मिठाबरोबर पालींचाही त्रास होतो, आणि वॉरंटी कार्डावर खाऱ्या हवेने होणारी झीज वगळली आहे का. अनेक कार्डांवर ती बारीक अक्षरात वगळलेली असते. वीज किती वाचेल ते स्टारवरून कळतं, किनाऱ्यावर युनिट किती टिकेल ते कळत नाही. युनिट घराच्या पूर्वेला बसवावं आणि महिन्यातून एकदा, मेन स्विच बंद करून, हलक्या धारेने गोडं पाणी मारावं. नळीने जोराची धार मारली तर पंख वाकतात.

गिझरबद्दल थोडक्यात, पण ते थोडकं महत्त्वाचं आहे. साठवणीच्या गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती टाकीऐवजी स्वतः झिजायला ठेवलेली असते. आपल्याकडचे खलाशी हे चांगलं ओळखतात, बोटीच्या पंख्याजवळ जस्ताचे तुकडे त्यासाठीच बसवतात. जस्त संपलं की बदलायचं, पंखा शाबूत. गिझरची कांडी बदलायची असते हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ती आणखी लवकर संपते, आणि संपल्यावर टाकीची पाळी येते. दर वर्षी एकदा उघडून पाहायला सांगा.

स्टीललाही डाग पडतात म्हणून दुकानदाराशी भांडू नये, प्रत विचारावी. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ते स्वयंपाकघरात उत्तम, पण समुद्रासमोरच्या रेलिंगवर त्याला चहासारखे डाग धरतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या वाऱ्यातही तग धरतं आणि महाग असतं. स्वस्तातलं २०२ बाहेर लावूच नये. चुंबक चिकटत नाही म्हणजे चांगलं स्टील, ही समजूत चुकीची आहे. २०२लाही चुंबक सहसा चिकटत नाही.

फोन पाण्यात पडला की तांदळाच्या डब्यात खुपसायचा, हे मिठाच्या बरणीतल्या तांदळावरून आलं असावं. त्याने फोन वाळत नाही. तांदळाचे बारीक कण आत जातात, आणि ॲपलने तर असं करू नका म्हणून स्पष्ट सांगितलं आहे. उघड्या वाऱ्यात, चार्जिंगचं तोंड खाली करून ठेवणं जास्त चांगलं. 'आयपी ६८' असं लिहिलेले फोन गोड्या पाण्यात तपासलेले असतात. तारकर्लीला तो समुद्रात बुडवून फोटो काढलेत तर वर येताच गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जिंगला लावू नका. चालू विजेबरोबर खारं पाणी काय करतं ते वर टीव्हीच्या बोर्डात पाहिलंच.

हेच आणखी मोठ्या प्रमाणात घराच्या वायरिंगमध्ये होतं, आणि इथे प्रश्न जिवाचा आहे. अंगणातल्या दिव्याच्या होल्डरमध्ये, पंपाच्या स्विचमध्ये ओला खारट थर धरला की त्यातून थोडी वीज गळते. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असेल तर तो ही गळती ओळखून वीज तोडतो. पावसात तो वारंवार पडतो म्हणून कंटाळून लोक वायरमनला तो बायपास करायला सांगतात. असं कधीही करू नका. तो पडतोय म्हणजे कुठेतरी गळती खरंच आहे. एकेक सर्किट बंद करत ती जागा शोधायची, होल्डर बदलायचा, आणि आरसीसीबी जागेवर ठेवायचा.

घराजवळ मीठ मुद्दाम आणून ओतायची जागा मला एकच ठाऊक आहे, अर्थिंगचा खड्डा. पाइपाभोवती कोळशाचा आणि मिठाचा थर घालतात तो मिठाने ओल धरून ठेवावी आणि वीज जमिनीत सहज उतरावी म्हणून. पण आपल्याकडे खाली जांभा आहे. त्यात पाणी टिकत नाही, एप्रिल-मेमध्ये खड्डा ठणठणीत कोरडा पडतो आणि अर्थिंग नुसतं नावाला उरतं. नेमके तेव्हाच वळवाचे ढग गडगडत असतात. शिवाय ते मीठ पाइपालाही खातं, म्हणून चार-पाच वर्षांनी खड्डा उकरून पाइप पाहावा लागतो. आम्ही होळीपासून पहिल्या पावसापर्यंत दर रविवारी त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततो. माडांना पाणी लावताना एक फेरी तिकडे.